मॅक्रो छायाचित्रण आणि १:१ प्रमाणाचा तिढा

छायाचित्रणाचा शोध लागल्यावर काही वर्षांतच सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला गेला. तरीही फूल, मुंगी, नाणे किंवा आगकाडीचे टोक जवळून टिपणे हौशी माणसाच्या आवाक्यात आले, ते ३५ मिमी फिल्मचे एसएलआर कॅमेरे रुळल्यावर. लेन्समधून दिसणारे दृश्यच या कॅमेऱ्यात डोळ्यासमोर येत असल्याने अगदी जवळची चौकट अचूक बांधता येऊ लागली. अशा कॅमेऱ्यांसाठीची पहिली मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स, १९५५ मध्ये आली. तिच्या एका आवृत्तीत वस्तू फिल्मवर निम्म्या आकाराची उमटे, तर दुसरीत मूळ आकाराएवढी, म्हणजे १:१.

आपल्याकडे फिल्मच्या काळात खास मॅक्रो लेन्स अनेकांना परवडत नसे. नेहमीच्या ५० मिमी लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे नेणारी पोकळ नळी) लावणे किंवा रिव्हर्स रिंगने लेन्स उलटी बसवणे, हेच त्यांचे मार्ग होते. लेन्स पुढे सरकवून १:१ गाठले की फिल्मपर्यंत पोहोचणारा प्रकाश दोन स्टॉपने घटतो, म्हणजे एक चतुर्थांश उरतो. त्यात स्लाइड फिल्म संथ, म्हणजे जास्त प्रकाश मागणारी, त्यामुळे पावसाळी ढगांखाली कासच्या पठारावर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांचे चित्र घ्यायचे तर फ्लॅश जवळजवळ अपरिहार्य ठरे. लेन्सचे छिद्र एफ १६ इतके लहान ठेवूनही जेमतेम २ मिमी खोलीचा भाग रेखीव येई, आणि निकाल कळे तो रोल धुऊन आल्यावर. आजच्या अनेक जाणकारांची नजर आणि हाताची स्थिरता याच शिस्तीत घडली.

याच काळात, १९७० च्या दशकापासून, झूम लेन्सवर सर्रास ‘मॅक्रो’ छापले जाऊ लागले आणि आजवर न सुटलेला गोंधळ सुरू झाला. यांतील कित्येक लेन्स १:४ च्या पुढे जात नसत. ३५ मिमी फिल्मच्या ३६ मिमी रुंद चौकटीवर १:४ म्हणजे १४४ मिमी रुंदीचे दृश्य. त्यात कमळ सुरेख बसते, पण ‘सीतेची आसवे’ या रानवनस्पतीचे सेंटीमीटरभर फूल चौकटीच्या चौदाव्या हिश्शाएवढेच दिसते. सामान्य ग्राहकाला जवळून चित्र घेण्याची सोय स्वस्तात मिळाली, हा उत्पादकांच्या बाजूचा मुद्दा रास्त आहे. तथापि तेवढ्यासाठी ‘क्लोज-अप’ हा शब्द पुरेसा होता. १:१ पर्यंत पोहोचणारी लेन्स आणि ही झूम एकाच नावाने विकली गेल्याने नवख्यांची फसगत झाली, हे नाकारता येत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यांनी या तिढ्याला आणखी एक पीळ दिला. १:१ हे प्रमाण वस्तू आणि सेन्सरवरील तिची प्रतिमा यांच्यातले असते, पाहणाऱ्याला किती मोठे दिसेल ते त्यातून ठरत नाही. पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर १:१ ला ३६ मिमी रुंदीचा भाग मावतो. १७.३ मिमी रुंद सेन्सरवर जवळपास तेवढाच भाग १:२ लाच मिळतो. मोबाइलचा सेन्सर ६ मिमी रुंद धरला, तर १:४ ला २४ मिमीचे दृश्य पडदाभर दिसते, आणि १:१ च्या जुन्या कसोटीने ते मॅक्रो ठरतच नाही. काही उत्पादक म्हणूनच ‘समतुल्य’ (पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने काढलेले) प्रमाण छापतात, तर काही प्रत्यक्ष प्रमाण, आणि तुलना करणाऱ्याची दिशाभूल होते.

अलीकडे फोकस स्टॅकिंगमुळे रेखीव खोलीची जुनी मर्यादाही सैल झाली आहे. फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेल्या अनेक चित्रांतून एकच चित्र जुळवता येते, मात्र त्यासाठी विषय स्थिर हवा. कीटक निपचित राहावा म्हणून त्याला शीतकपाटात ठेवण्याची प्रथा यातून बळावली, आणि जिवंत प्राण्याला असा त्रास देणे मुळीच समर्थनीय नाही. प्रमाणाच्या वादावर मात्र सोपा उपाय आहे: चित्राखाली चौकटीची प्रत्यक्ष रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी. वनस्पती वा कीटक ओळखू पाहणाऱ्याला १:१ पेक्षा तीच नोंद अधिक उपयोगी पडते.