फायबरग्लासच्या जुन्या स्पोर्ट्स कारला नवा रंग देण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फायबरग्लास बॉडीची आपली जुनी स्पोर्ट्स कार रंगवून घेण्याचा आपला विचार असेल, तर अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी हे पत्रक सावकाश वाचावे, अशी विनंती आहे. पत्र्याच्या गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगची सवय असलेल्या ग्राहकांना दोन गोष्टी हमखास खटकतात: प्रत्यक्ष रंग मारण्यापेक्षा त्याआधीच्या तयारीलाच कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि बिलातला मोठा भाग रंगाचा नसून मजुरीचा असतो. असे का होते, आणि त्यातले कोणते काम आपण घरी करू शकता व कोणते मुळीच करू नये, हे येथे सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः शेव्हरोले कॉर्व्हेटची घेतली आहेत. लोटस एलान किंवा आपल्याकडची सॅन स्टॉर्म यांनाही त्यातले बहुतेक सगळे लागू पडते.

बॉडी कशी घडली आहे, यावर पुढचे सगळे ठरते. फायबरग्लास, म्हणजे पुढे ज्याला नुसते फायबर म्हटले आहे ते, काचेचे तंतू रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात) बसवून केलेले असते. कॉर्व्हेटचे उत्पादन 1953 मध्ये अमेरिकेतील फ्लिंट येथे सुरू झाले. त्या वर्षी 300 गाड्या तयार झाल्या आणि त्या सगळ्या पांढऱ्या होत्या. या गाडीची बॉडी एकसंध नसून अनेक तुकडे आतून फायबरच्याच पट्ट्यांनी चिकटवून जोडलेली असते; वरून तो सांधा भरून घासलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि हादऱ्यांनी हे सांधे किंचित बसतात किंवा उघडतात, आणि मडगार्डच्या माथ्यावर रंगातून एक सरळ रेघ दिसू लागते. लोटस एलानच्या बॉडीवर जेलकोटचा, म्हणजे तंतू नसलेल्या रेझिनचा, कडक बाहेरचा थर असतो, तर कॉर्व्हेटच्या मूळ बॉडीवर तो नसतो. त्यामुळे एलानची चीर पुष्कळदा जेलकोटपुरती असू शकते, कॉर्व्हेटची मात्र थेट रेझिनमध्ये आणि तंतूंत असते. म्हणून गाडीचे साल, मॉडेल आणि आधीच्या दुरुस्त्यांची जेवढी माहिती आपल्याकडे असेल तेवढी पहिल्याच भेटीत द्यावी. आधी कोठे इपॉक्सी (वेगळ्या प्रकारचे रेझिन) वापरले असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण त्यावर या बॉडीचे पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही आणि अशा जागी केलेली नवी दुरुस्ती सुटून येते.

जुन्या रंगावरच नवा रंग मारून द्या, असा आग्रह कधी कधी होतो. फायबरच्या जुन्या गाडीवर तो आम्ही सहसा मान्य करत नाही. फ्लिंटनंतर कॉर्व्हेट अमेरिकेतील सेंट लुईसच्या कारखान्यात बनू लागली; तेथून आलेल्या गाड्यांवर लॅकर (द्रावक उडून वाळणारा रंग) असे. 1981 मध्ये उत्पादन बोलिंग ग्रीनला हलल्यावर रंगाची पद्धत बदलली. जुने लॅकर वाळून तडकते, आणि त्यावर चढवलेले पुढचे थर त्या तडांसह हलतात. आज गुळगुळीत दिसणारा नवा रंग एका उन्हाळ्यात खालच्या चिरांचा नकाशा वर आणतो. रंगाचे थर किती जाड आहेत हे मोजण्यासाठी पत्र्याच्या गाडीवर चालणारे चुंबकीय यंत्र येथे निरुपयोगी आहे, कारण खाली लोखंडच नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक यंत्र लागते. त्याच्या जोडीला आम्ही बोटाने टिचकी मारत सगळी बॉडी ऐकून घेतो. निरोगी फायबर टणक वाजते. पुट्टीचा जाड थर असेल किंवा आतले पदर सुटले असतील, तेथे आवाज बद्द येतो. ही तपासणी आपण समोर उभे राहून पाहावी, अशी आमची इच्छा असते, कारण अंदाजपत्रकातील बरेचसे आकडे तेथेच ठरतात.

रंग उतरवण्याचा प्रयत्न मात्र कृपया घरी करू नये. साधे पेंट रिमूव्हर पॉलिस्टर रेझिनमध्ये मुरून ते मऊ करते, आणि वरून धुऊन टाकले तरी आत राहिलेला अंश पुढे नव्या रंगाखाली फोड आणतो. वाळूचा मारा तर जेलकोट उडवून तंतू उघडे पाडतो. हीट गनने रेझिन सैल होऊन पातळ भाग वाकतो. आम्ही रंग रुंद पात्याने खरवडून आणि कोरड्या घासकागदाने थरामागून थर उतरवतो. काम वेळखाऊ आहे, पण फायबर शाबूत ठेवण्याचा याहून भरवशाचा मार्ग आम्हाला माहीत नाही. या कामात उडणारी धूळ अंगाला खाज आणते आणि छातीत जाणे अपायकारक असते, म्हणून चालू कामाच्या खोलीत ग्राहकांना मास्कशिवाय प्रवेश दिला जात नाही.

चीर का पडली, हा पहिला प्रश्न

चीर दिसली की तीत पुट्टी भरून मोकळे होणे सोपे असते, आणि बहुतेक फसलेली कामे तशीच झालेली असतात. एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या बारीक चिरा खालून बसलेल्या धक्क्याची खूण असतात. बिजागरी, बोल्टचे छिद्र किंवा दाराचा कोपरा येथून निघालेली चीर बहुधा ताणाची असते. जुन्या कॉर्व्हेटची बॉडी लोखंडी चासीवर माउंट (आधाराचे तुकडे) आणि मापाच्या चकत्या ठेवून बसवलेली असते. माउंट बसले किंवा चकत्या चुकल्या तर बॉडीला पीळ पडतो, दार घासते आणि तीच चीर पुन्हा उघडते. 1963 पासूनच्या गाड्यांत समोरच्या काचेभोवती फायबरच्या आत लोखंडी सांगाडा असतो. फायबर गंजत नाही या समजुतीत त्याच्याकडे दुर्लक्ष होते आणि तो आतून सडतो. म्हणून माउंट, सांगाडा आणि दारांच्या फटी ठीक झाल्याशिवाय आम्ही रंगाच्या कामाला हात घालत नाही.

त्यानंतर चीर भरायची नसते, ती काढून टाकायची असते. शक्य असेल तेथे आतल्या बाजूने आधी मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) थर देऊन आधार दिला जातो, मग बाहेरून चिरेच्या दोन्ही कडांना लांब उतार दिला जातो. उताराचे प्रमाण साधारण बारास एक असते, म्हणजे बॉडी 3 मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे 36 मिलिमीटर. त्या उतारावर रेझिनमध्ये भिजवलेले मॅटचे तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत एकावर एक बसवून रोलरने त्यातील हवा काढतात. केसाएवढ्या चिरेसाठी तळहाताएवढी जागा खोदलेली पाहून ग्राहकांचा जीव कासावीस होतो, हे आम्ही जाणतो. पण लहान खड्ड्यात दिलेल्या जोडाला पकडच मिळत नाही.

ताजे रेझिन सुकताना आक्रसते, आणि हे आक्रसणे वरून कडक झाल्यावरही काही काळ चालू राहते. या काळात घाईने रंग मारला, तर पहिल्या कडक उन्हात मॅटच्या तंतूंची नक्षी रंगातून वर उमटते. यासाठी दुरुस्ती झालेली गाडी आम्ही काही आठवडे तशीच ठेवतो, मधूनमधून उन्हात उभी करतो आणि मगच शेवटची पातळी काढतो. आपली गाडी कोपऱ्यात नुसती उभी दिसली, तर काम थांबले आहे असे समजू नये.

उघडे फायबर पाणी शोषते, त्यामुळे इपॉक्सी प्रायमरने ते पूर्ण बंद होईपर्यंत ओला घासकागद वापरला जात नाही. त्याच कारणासाठी, विशेषतः मुंबई आणि कोकणच्या दमट हवेतून येणाऱ्या गाड्यांचे रंग उतरवण्याचे काम जून ते सप्टेंबरमध्ये सुरू करण्याऐवजी दिवाळीच्या सुमारास घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

आपण घरी काय करावे

सिलिकॉन असलेले पॉलिश आणि डॅशबोर्ड चमकवण्याचे फवारे गाडी आणण्याच्या बरेच आधीपासून बंद करावेत. सिलिकॉनचा अंश राहिला की ओला रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. गाडी साध्या शाम्पूने धुवावी. मेण आणि तेलकटपणा काढण्याचे द्रावण घासण्याच्या आधी लावायचे असते, ते आम्ही लावू. हौस असेल तर दिवे, बॅजेस, हँडल आणि रबरी पट्ट्या आपण स्वतः उतरवू शकता, त्यामुळे मजुरी थोडी वाचते. बॅटरी आधी सोडवावी, प्रत्येक भागाचा जागेवर असतानाच फोटो काढावा आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवावेत. दिव्यांच्या मागच्या अर्थच्या तारांकडे विशेष लक्ष द्यावे: फायबरमधून वीज वाहत नसल्याने प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत स्वतंत्र तार असते, आणि ती चुकली की रंगकाम झाल्यावर दिवा लागत नाही. बॅजचा गंजलेला नट जोर लावून फिरवू नये; त्याने फायबर फाटते. तो तसाच ठेवून आम्हाला दाखवावा.

रंगाची निवड अर्थातच आपली. काळा आणि गडद निळा या रंगांवर लहानसा उंचसखलपणाही दिसतो आणि उन्हात बॉडी अधिक तापते, हे मात्र सांगणे आमचे कर्तव्य आहे. 1973 पासूनच्या कॉर्व्हेटचा पुढचा आणि 1974 पासून मागचाही बंपर युरेथेन या मऊ, लवचीक प्लास्टिकचा आहे. त्याच्या रंगात लवचीकपणा देणारे मिश्रक घालावे लागते, त्यामुळे छटेत बारीक फरक राहू शकतो. रंग बदलणार असाल तर आरसी पुस्तकातील नोंद बदलण्यासाठी आरटीओकडे अर्ज आपल्या नावाने करावा लागेल. गाडी 50 वर्षांहून जुनी असून तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर 2021 च्या नियमांनुसार ती मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीची मडगार्ड रुंद करणे किंवा बॉनेटला नवे झरोके पाडणे ही कामे आम्ही घेत नाही.

गाडी ताब्यात मिळाल्यावर पहिले काही आठवडे तिला मेण लावू नये आणि प्लास्टिकचे कव्हर घालू नये, कारण रंगातील द्रावक अजून उडत असतात. पक्ष्याची विष्ठा पडली तर लगेच भरपूर पाण्याने धुवावी, कोरड्या फडक्याने पुसू नये. पहिला उन्हाळा संपल्यावर गाडी एकदा आमच्याकडे आणावी. सांध्यांच्या रेषा, दारांचे कोपरे आणि दुरुस्त केलेल्या जागा आम्ही तेव्हा पुन्हा तपासतो आणि आमच्या कामात काही उमटले असेल, तर ते विनामूल्य दुरुस्त करून देतो.