सरकारी खर्चाची परिणामकारकता

दारिद्र्य, पाणीटंचाई, कुपोषण यांसारखे सामाजिक प्रश्न सरकारने अधिक पैसा खर्च केल्याने सुटतात काय, यासंबंधीचा सार्वजनिक अर्थशास्त्रातील एक जुना वाद. गरिबांसाठी निघालेल्या रुपयातील १५ पैसेच त्यांच्यापर्यंत पोहोचतात, हे पंतप्रधान राजीव गांधी यांचे १९८५ मधील विधान भारतात या संदर्भात नेहमी उद्धृत होते. तथापि तो अंदाज होता, मोजमाप नव्हे. नियोजन आयोगाने २००५ मध्ये केलेले लक्ष्याधारित (म्हणजे गरीब कुटुंबे निवडून त्यांना स्वस्त धान्य देणाऱ्या) शिधावाटप व्यवस्थेचे मूल्यमापन त्याहून भक्कम आधार देते. त्यानुसार सुमारे ५८ टक्के अनुदानित धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या हाती पडत नव्हते आणि त्यांना एक रुपयाचा लाभ देण्यासाठी सरकारला ३.६५ रुपये खर्चावे लागत होते.

महाराष्ट्रात हा वाद सर्वाधिक गाजला तो सिंचनावरून. राज्याच्या २०११–१२ च्या आर्थिक पाहणीत एकूण पीकक्षेत्रातील सिंचित क्षेत्राचे प्रमाण २००१–०२ मध्ये १७.८ टक्के आणि २००९–१० मध्ये १७.९ टक्के दाखवले होते, तर दशकभरातील सिंचनखर्चाचा आकडा सुमारे ७०,००० कोटी रुपये सांगितला जात होता. नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेत ०.१ टक्के वाढीचा हा निष्कर्ष सरकारने अमान्य केला आणि पुढे जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले. भ्रष्टाचाराच्या आरोपांनी ही चर्चा व्यापली, पण मूळ दोष केवळ तेवढा नव्हता. उपलब्ध निधीच्या मानाने फार अधिक प्रकल्प एकाच वेळी हाती घेतल्याने ते रेंगाळत, रेंगाळल्याने भूसंपादन व साहित्य महागत जाई आणि सुधारित प्रशासकीय मान्यता घेऊन त्याच कामाचा खर्च पुन्हा वाढे. धरणाची भिंत उभी राहिली तरी कालव्याचे पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या वितरिका आणि शेतचाऱ्या अपुऱ्या राहत. भूमिपूजनाला भिंत सोयीची असते, चारी नसते. मिळेल त्या पाण्याचाही मोठा वाटा उसाला जाऊन कालव्याच्या शेवटाकडील शेते कोरडी राहत. डिसेंबर २०१४ पासूनच्या जलयुक्त शिवार अभियानात मोठ्या धरणांऐवजी गावोगावची लहान कामे घेण्यात आली; परंतु सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नोंदवले.

एवढ्यावरून सरकारी खर्चच व्यर्थ ठरवणारे टीकाकार याच राज्यातील उलट अनुभव विसरतात. १९७०–७३ च्या दुष्काळात सरकारने मजुरीची कामे काढली. मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख मजूर होते आणि पिके बुडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले. हातात मजुरी आल्याने लोकांना बाजारातून धान्य विकत घेता आले, हे त्या यशाचे मुख्य कारण होय. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या, मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले आणि तिच्यासाठी व्यवसाय कर लावण्यात आला. अंगमेहनतीचे काम आणि बेताची मजुरी यांमुळे गरज नसलेला माणूस सहसा तिकडे फिरकत नसे, म्हणून लाभार्थी निवडण्याचा वेगळा खटाटोप फारसा करावा लागला नाही. बनावट हजेरीपटांचा रोग मात्र याही योजनेला जडला.

शिधावाटपातील गळतीही अटळ नव्हती. छत्तीसगडमध्ये २००४ नंतर रेशन दुकाने खासगी चालकांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे देण्यात आली व धान्य थेट दुकानापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी सरकारने घेतली. तेथे सरकारचा खर्च वाढला, पण गळती काही वर्षांतच लक्षणीय घटली.