शॉकअपमध्ये जाड ऑइल टाकलं की गाडी बसत नाही?

रावेर-यावलकडे मागे केळीचे घड किंवा दुधाचे कॅन बांधून गाडी चालवणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो: "मागचा शॉकअप बसतोय ना भाऊ? खोल आणि इंजिनचं जाड ऑइल भर."

वजन ऑइल पेलत नाही, स्प्रिंग पेलते. ऑइलचं काम एवढंच, की दबलेली स्प्रिंग उसळू नये, सावकाश परत यावी. पिस्टनच्या बारीक भोकांतून ऑइल ढकललं जातं, त्यातून तो अडथळा तयार होतो. ऑइल फार जाड असेल तर एका खड्ड्यात दबलेला शॉकअप पूर्ण वर येण्याआधीच दुसरा खड्डा येतो. मग तो दबलेलाच राहतो आणि दणके थेट कमरेला.

शिवाय इंजिन ऑइल या कामासाठी बनवलेलंच नसतं. सस्पेन्शन ऑइलमध्ये फेस रोखणारी आणि उष्णतेत पातळ होणं कमी करणारी द्रव्यं असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात ती लागतातच. घेताना डब्यावर जाडपणासाठी छापलेल्या '१०W' वर विसंबू नका. दोन कंपन्यांचं १०W वेगवेगळं निघतं. ४० अंश सेल्सिअसवरचा सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप) आकडा गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ऑइलशी जुळवा.

वजनासाठी हुक पान्याने शॉकअपवरची स्प्रिंगचा ताण ठरवणारी खाच वाढवा, फुकटात काम. रॉडवर ओला तेलकट थर दिसला तर सील गेलंय. साध्या गाड्यांचे बहुतेक शॉकअप सीलबंद असतात, ते जोडीनेच बदलावेत. गॅसवाला शॉकअप तर टपरीवर खोलूच देऊ नका: आत दाबाखाली नायट्रोजन असतो.