मागच्या अंगणातल्या घराला पाण्याची फी किती? कॅलिफोर्नियातल्या एडीयूसाठी अर्ज, कागदपत्रं आणि हरकत

नकाशे मंजूर होतात, कॉन्ट्रॅक्टर कामाची तारीख देतो, आणि नेमका तेव्हाच पाणीखात्याचा कागद येतो. त्यावर ‘कपॅसिटी चार्ज’ या नावाखाली हजारो डॉलरचा आकडा असतो. घाईत असलेला माणूस तो भरून टाकतो, कारण भरला नाही तर काम अडेल अशी धास्ती असते. माझं सांगणं एवढंच आहे की भरण्याआधी तो आकडा नेमका कशाचा आहे ते लेखी विचारा. कॅलिफोर्नियातल्या कायद्याने काही एडीयूंवर ही फी लावताच येत नाही. बाकीच्यांवर लावता येते, पण नव्या अख्ख्या घराच्या दराने नाही.

एडीयू म्हणजे मुख्य घराच्याच प्लॉटवरचं दुसरं छोटं घर. त्याला स्वतःचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असतं. आपल्या ओळखीपाळखीत ते बहुधा आई-बाबांसाठी नाहीतर शिकून परत आलेल्या मुलासाठी बांधलं जातं. काही जण भाड्यानेही देतात. मुख्य घराच्या भिंतींच्या आतच काढलेलं, ५०० चौरस फुटांपर्यंतचं युनिट म्हणजे जेएडीयू. फीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून अर्जात नाव बरोबर लिहा.

एकाच कागदावर तीन वेगळ्या फी

पहिली कनेक्शन फी. रस्त्याखालच्या पाइपातून तुमच्या मीटरपर्यंत नवी जोडणी करायचा हा खर्च. दुसरा कपॅसिटी चार्ज. टाक्या, पंप, शुद्धीकरण केंद्र आधीच उभं आहे, त्यात तुम्ही नव्याने वाटेकरी होता, त्या वाट्याची ही किंमत. सेवरसाठीही, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनसाठीही, असाच चार्ज असतो आणि तो अनेकदा वेगळ्या संस्थेकडे भरावा लागतो. तिसरी इम्पॅक्ट फी, म्हणजे बागा, रस्ते वगैरेंसाठी शहर घेतं ती. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान एडीयूला इम्पॅक्ट फी नाही, ही सवलत २०२० पासून आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. गोंधळ इथेच होतो. पाण्याचा कपॅसिटी चार्ज कायद्याच्या व्याख्येप्रमाणे इम्पॅक्ट फीमध्ये मोडत नाही. त्यामुळे ‘माझं घर ७०० फुटांचं आहे, मला फी माफ’ असं काउंटरवर सांगून उपयोग होत नाही. तिथे वेगळं कलम लागतं.

ते कलम म्हणजे गव्हर्न्मेंट कोड ६६३२४. मार्च २०२४ मध्ये एडीयूच्या कलमांचे क्रमांक बदलले. त्याआधी हे सगळं ६५८५२.२ खाली होतं, आणि जुने फॉर्म किंवा माहितीपत्रकं हाताशी आली तर त्यांवर तोच क्रमांक दिसेल. पत्रात दोन्ही क्रमांक लिहिलेत तर समोरच्याला शोधायला सोपं जातं.

कोणाला फी लागत नाही, कोणाला लागते

मुख्य घराच्या आतल्या जागेत, किंवा आधीपासून उभ्या असलेल्या गॅरेज-शेडमध्ये एडीयू काढत असाल, तर पाणीसंस्था तुम्हाला वेगळं कनेक्शन घ्यायला भाग पाडू शकत नाही. त्याच्याशी जोडलेली कनेक्शन फी किंवा कपॅसिटी चार्जही लावू शकत नाही. जुन्या गॅरेजला ये-जा करण्यासाठी १५० चौरस फुटांपर्यंत वाढवलं तरी ही सूट टिकते. अपवाद मुख्यतः दोन: मुख्य घरच नवं बांधत असाल आणि एडीयू त्याच्याबरोबर होत असेल, किंवा पुढे एडीयू मुख्य घरापासून तोडून स्वतंत्रपणे विकत असाल. जेएडीयू तर पाणी-सेवरच्या कनेक्शनसाठी वेगळं घर मानलंच जात नाही.

अंगणात नव्याने स्वतंत्र बांधलेलं, किंवा घराला जोडून बाहेर वाढवलेलं एडीयू असेल तर संस्था वेगळं कनेक्शन मागू शकते. ‘मागू शकते’, मागायलाच हवं असं कायदा म्हणत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: जुन्याच मीटरवरून शाखा काढून पाणी नेता येईल का? अनेक संस्था हो म्हणतात. आणि फी लावलीच तर ती एडीयूच्या बोजाच्या प्रमाणात हवी. बोजा मोजायच्या दोनच पद्धती कायद्यात आहेत: एडीयूचे चौरस फूट, नाहीतर त्यातले ‘ड्रेनेज फिक्स्चर युनिट’. शिवाय सेवा देण्याच्या वाजवी खर्चापेक्षा फी जास्त असता कामा नये.

या दोन पद्धतींत केवढा फरक पडतो ते इथे मुद्दाम मांडून दाखवतो, कारण ही गोष्ट कोणी आपण होऊन सांगत नाही. युनिफॉर्म प्लंबिंग कोड या नळकामाच्या नियमावलीत प्रत्येक नळा-भांड्याला गुण दिलेले आहेत, तेच हे फिक्स्चर युनिट. घरगुती वापराच्या साध्या टाकीच्या कमोडला ३, बेसिनला १, शॉवरला २, स्वयंपाकघरातल्या सिंकला २, कपडे धुण्याच्या मशीनला ३. एका खोलीच्या एडीयूची बेरीज झाली ११. आता मुख्य घर घ्या: दोन कमोड ६, तीन बेसिन ३, एक टब २, एक शॉवर २, सिंक २, मशीन ३, म्हणजे १८. फिक्स्चरने मोजलं तर एडीयू मुख्य घराच्या जवळजवळ ६१ टक्के. तेच एडीयू ६०० चौरस फुटांचं आणि घर १८०० चं असेल, तर क्षेत्रफळाने ३३ टक्के. माणसं तीच आणि नळ तेच, पण फी जवळपास दुप्पट. प्रमाण मुख्य घराशी काढायचं की नियमावलीतल्या नमुना घराशी, हे प्रत्येक संस्था आपल्या ठरावात लिहिते. तो ठराव मागून घ्या. फिक्स्चरची पद्धत असेल तर कपडे धुण्याचं मशीन मुख्य घरातलंच दोघांत वापरायचं ठरवलं तरी ३ गुण कमी होतात. नकाशा पक्का होण्याआधी हा विचार केला तरच त्याचा फायदा.

आणखी एक जागा जिथे फी नकळत फुगते ती म्हणजे स्प्रिंकलर. आग विझवण्याचे फवारे लावले की मोठा मीटर लागतो, आणि कपॅसिटी चार्ज बहुतेक ठिकाणी मीटरच्या आकारावर चढत जातो. मुख्य घराला स्प्रिंकलर सक्तीचे नसतील तर एडीयूलाही सक्ती करता येत नाही, असं राज्याचा कायदा म्हणतो. डिझायनरने सवयीने नकाशात टाकले असतील तर विचारा, कशासाठी?

अर्जासोबत काय लागतं

ठिकठिकाणचे फॉर्म वेगळे असतात, पण मागणी साधारण सारखीच. मालकीचा पुरावा म्हणून डीड किंवा प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, त्यावरचा पार्सल नंबर, आणि चालू पाणीबिल. साइट प्लॅन, ज्यात रस्त्यावरचा मीटर, तिथून घरापर्यंतची लाइन आणि एडीयूकडे जाणारी प्रस्तावित शाखा दाखवलेली असेल. क्षेत्रफळ लिहिलेला फ्लोअर प्लॅन. फिक्स्चरची यादी, जुन्या घराची आणि नव्या एडीयूची वेगवेगळी. बिल्डिंग परमिटच्या अर्जाचा क्रमांक. तुमच्या वतीने कॉन्ट्रॅक्टर जाणार असेल तर सहीचं अधिकारपत्र. प्लॉटवर विहीर असेल तर उलट प्रवाह रोखणाऱ्या उपकरणाची माहितीही मागतात.

यात सगळ्यात जास्त चुका फिक्स्चरच्या यादीत होतात. जुन्या घरातला एखादा गॅरेजमधला सिंक राहून जातो, किंवा आधीच काढून टाकलेला टब मोजला जातो. एका संध्याकाळी कागद घेऊन स्वतः घरभर फिरा आणि मोजा. मग बाहेर जाऊन मीटरच्या पेटीचं झाकण उचला. आत माती, कोळ्यांची जाळी, कधी थोडं साचलेलं पाणी असतं. फडक्याने पुसलं की मीटरच्या अंगावर आकार दिसतो. जुन्या घरांना बहुधा ५/८ किंवा ३/४ इंची मीटर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. मीटर बदलावा लागेल असं कोणी म्हणालं तर प्लंबरकडून दोन्ही घरांच्या एकूण मागणीचा हिशेब करून घ्या आणि तो अर्जाला जोडा. हिशेबाशिवाय मोठा मीटर मान्य करू नका.

शहराने एडीयूच्या पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो सुनावणीविना, नियम तपासून. पाणीसंस्था मात्र अनेकदा शहराचा भाग नसते, ती वेगळा ‘डिस्ट्रिक्ट’, म्हणजे पाण्यासारख्या सेवेपुरती स्वतंत्र सरकारी संस्था असते. तिचा अर्ज परमिटच्या बरोबरीने द्या, नंतर नको.

आमच्या गॅरेजचं घर केलं तेव्हा पहिल्या अंदाजपत्रकात आम्हाला ‘नवं निवासी युनिट’ धरलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी कलम ऐकून घेतलं, पण फॉर्ममध्ये गॅरेज-बदलासाठी रकानाच नव्हता. मी एक पानाचं पत्र दिलं: जुन्या गॅरेजचा मूळ परमिट, आजचा फोटो, नव्या नकाशावर ‘विद्यमान बांधकाम’ अशी ठळक नोंद, आणि ६६३२४ चा संदर्भ. सुधारित पत्र आलं, चार्ज निघाला. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांचा फॉर्म जुना होता. म्हणून सांगतो, भांडायच्या आधी कागद द्या. कागद देऊनही नकार आला तर राज्याच्या गृहनिर्माण विभागाला, म्हणजे एचसीडीला लिहा. एडीयूचे कायदे नीट पाळले जातात की नाही, हे तो विभाग पाहतो.

दरमहाचा जादा आकार: खरा वाद इथे आहे

कनेक्शनचा मामला एकदाच होतो. पण काही संस्था मीटर एकच असतानाही दुसऱ्या घराचा म्हणून दरमहा आणखी एक ठरावीक आकार लावायचा प्रस्ताव आणतात. सभेत मग दोन तट पडतात, आणि दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. एडीयू नसलेले शेजारी म्हणतात, पाइप आणि टाक्यांचा स्थिर खर्च घरागणिक वाटला जातो, मग दोन चुली असलेल्यांनी एकच वाटा का द्यायचा? एडीयूवाले म्हणतात, आम्ही वापरू तितक्या पाण्याचे पैसे देतोच, आणि कालपर्यंत घरातच राहणारे सासू-सासरे मागे राहायला गेले म्हणून माणसं वाढली नाहीत. त्यात आणखी एक गोष्ट आहे. कॅलिफोर्नियाच्या शहरांत निम्म्याच्या आसपास पाणी बागेला जातं, आणि अंगणातलं एडीयू पुष्कळदा हिरवळ काढूनच उभं राहतं. माझं मत विचाराल तर प्रत्यक्ष खर्च दाखवून लावलेला छोटा आकार मला मान्य आहे. ‘दुसरं दार दिसलं, दुसरा आकार’ हे मान्य नाही. त्याने साठीतल्या आईसाठी एक खोली काढणारा आणि अंगणात तीन बेडरूम उभ्या करणारा एकाच मापाने मोजला जातो.

हा आकार सरकारी संस्था लावत असेल तर तिला १९९६ मध्ये राज्याच्या मतदारांनी मंजूर केलेला प्रॉपोझिशन २१८ हा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे प्रत्येक प्लॉटला जेवढी सेवा मिळते तिच्या खर्चापेक्षा जास्त आकार घेता येत नाही. लावण्याआधी मालकांना टपालाने नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीनंतर किमान ४५ दिवसांनी जाहीर सुनावणी. त्या सुनावणीच्या शेवटापर्यंत निम्म्याहून जास्त प्लॉटांकडून लेखी विरोध आला तर आकार लावता येत नाही. एका प्लॉटचा एकच विरोध मोजतात, आणि तो मालकाइतकाच भाडेकरूही देऊ शकतो. म्हणून घरात दोन सह्या करून दोन पत्रं पाठवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा शेजारच्या पाच घरांना नोटीस मिळाली का ते विचारा. ती जाहिरातीसारखी दिसते आणि कचऱ्यात जाते.

इथे २०२५ पासून एक नवी गोष्ट आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. विरोध आणि कायदेशीर हरकत या आता दोन वेगळ्या चिठ्ठ्या समजा. विरोधात नुसतं ‘मला मान्य नाही’, प्लॉटची ओळख आणि सही पुरते. पण पुढे कोर्टात जायचं असेल तर आकार नियमात का बसत नाही, याची कारणं मुदतीतच लेखी द्यावी लागतात. संस्थेने ही पद्धत नोटिशीत नीट सांगितली असेल आणि तुम्ही गप्प राहिलात, तर नंतर दावा टिकत नाही. दर मंजूर झाल्यावर पाणी-सेवरच्या दराविरुद्ध दाव्याची मुदत १२० दिवसांची आहे. हरकतीत भावना थोडक्यात लिहा आणि प्रश्न नेमके विचारा: दुसऱ्या घरामुळे संस्थेचा कोणता खर्च वाढतो, त्याचा अभ्यास कुठे आहे, एकाच मीटरचं वाचन आणि एकच बिल असताना ग्राहकसेवेचा खर्च दोनदा कसा धरला?

पाणी देणारी कंपनी खासगी असेल तर प्रॉपोझिशन २१८ लागत नाही. तिचे दर राज्याचा पब्लिक युटिलिटीज कमिशन ठरवतो, आणि हरकत तिथल्या दरनिश्चितीच्या सुनावणीत नोंदवायची. कनेक्शनच्या सवलतीचं ६६३२४ कलम मात्र खासगी कंपनीलाही बांधतं.

सेवरचं बिल पुष्कळ भागांत दरमहा येतच नाही. ते घरागणिक ठरतं आणि वर्षातून एकदा प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर एका ओळीत बसतं. एडीयूचं अंतिम इन्स्पेक्शन झाल्यावर पुढचं बिल शरद ऋतूत येईल, तेव्हा ती ओळ मागच्या वर्षीच्या बिलाशेजारी ठेवून पाहा. आकडा दुप्पट झाला असेल तर त्या ओळीसमोर दिलेल्या फोन नंबरवर लगेच विचारा. पहिल्या हप्त्याची मुदत १० डिसेंबरला संपते.