टायरचा पीळ, सुंभाचा काथ्या

आठवडी बाजारात अजूनही टायरच्या चपला मिळतात. ट्रकचा जुना टायर कापून केलेला तळ, वर जाड पट्ट्या. तळाची कड निरखून पाहिली तर काळ्या रबरात दोऱ्यांचे थर दिसतात. चिखल, काटे, खडी, सगळं सोसून ही चप्पल वर्षानुवर्षं चालते. हा टिकाऊपणा मला फार मोलाचा वाटतो, आणि टाकाऊ टायरांचा प्रश्नही त्यातूनच उभा राहिला आहे.

रबराच्या चिकातले रेणू म्हणजे लांबच लांब, सुटे धागे. म्हणून कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळलं, की त्यात गंधक मिसळून तापवलं तर हा दोष जातो. गंधकाचे अणू शेजारशेजारच्या धाग्यांमध्ये पूल बांधतात आणि सगळ्याचं एक जाळं होतं. दुधाची पिशवी वितळवून नवी वस्तू करता येते, टायर मात्र वितळत नाही. तापवत राहिलं तर जळतो. दळून त्याचा चुरा केला तरी प्रत्येक कणात ते जाळं शाबूत असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं.

असा चुरा डांबरात मिसळून रस्त्यांसाठी वापरतात. नव्या रबरात घातला तर तो नीट सांधत नाही आणि तिथूनच चिरा पडतात. म्हणून संशोधक फक्त गंधकाचे पूल तोडायच्या मागे आहेत. हे पूल कार्बनच्या साखळीपेक्षा कमकुवत असतात. घर्षणाने, मायक्रोवेव्हने, गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंकडूनही ते तोडून पाहिले आहेत. पण त्या झटापटीत थोडे धागेही तुटतात आणि परत मिळालेलं रबर मूळच्याइतकं दमदार राहत नाही.

ही उणीव भरायला वनस्पती कामी येतात. टायरला बळ देणारी काळी भुकटी, म्हणजे कार्बन ब्लॅक, बहुतांशी खनिज तेलापासून बनते. तिच्या काही भागाऐवजी उसाचं चिपाड, भाताचं तूस किंवा नारळाचा काथ्या घालता येईल का, यावर बरंच काम सुरू आहे. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखर करणारा घटक, भरपूर, सुमारे 40 टक्के. काथ्याचा सुंभ पाण्यात लवकर कुजत नाही तो त्यामुळेच.

खरी अडचण पाण्याशी असलेल्या नात्याची. सुंभाचा तुकडा आणि टायरचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून बघा. सकाळी टायर पुसला की कोरडा, सुंभ मात्र भिजून जड. पाण्याशी सख्य असलेला धागा आणि पाणी झटकणारं रबर एकमेकांना धरत नाहीत. म्हणून काथ्या आधी कॉस्टिक सोड्यात धुतात. वरचं मेण निघून पृष्ठभाग खरबरीत होतो. शिवाय सिलेनसारखं रसायन लावतात, ज्याचं एक टोक धाग्याला आणि दुसरं रबराला जोडलं जातं. काथ्या कडक वाळवावाही लागतो, नाहीतर गरम प्रेसमध्ये उरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन आत फुगे राहतात. आणि आच जपून द्यायची: रबर साधारण 150 अंशांवर पक्कं होतं, तर 200 च्या पुढे धागाच करपू लागतो.

तुसाची वाट जरा वेगळी. भाताच्या वजनात सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा, आणि तूस जाळल्यावर उरलेल्या राखेत बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूतलाच मुख्य घटक. कार्बन ब्लॅकसारखी तीही रबराला बळ देते. ही सिलिका टायरमध्ये वापरणार असल्याचं गुडइयर कंपनीने 2014 मध्ये जाहीर केलं होतं. चार्ल्स यांचा या कंपनीशी संबंध नव्हता. नाव तेवढं त्यांच्या सन्मानार्थ घेतलेलं.

काथ्या घातलेलं जुनं रबर मात्र टायरसाठी नको, असंच मला वाटतं. पायपुसणी, फरशीवरचे रबरी तुकडे, आवाज शोषणाऱ्या पट्ट्या, ही त्याची जागा. तिथेही सांधा पक्का हवाच. तो तपासताना प्रयोगशाळेत डमरूच्या आकाराची पट्टी तुटेपर्यंत ताणतात आणि तुटलेली बाजू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. धागे उपसून निघालेली गुळगुळीत भोकं दिसली तर सांधा कच्चा. तुटलेल्या धाग्याच्या टोकाला रबराचे लचके चिकटलेले दिसले, तर त्या दोघांनी एकमेकांना शेवटपर्यंत सोडलं नव्हतं.