हलाल तपासणी, खाद्य योजकांची

हलाल तपासणी, खाद्य योजकांची : अन्नाला रंग, स्वाद, पोत वा टिकाऊपणा यावा म्हणून घातलेला पदार्थ शरियतनुसार खाण्यास चालतो की नाही, हे ठरविण्याची रीत. सोलापुरात हा प्रश्न मटणापेक्षा बेकरीत अधिक निघतो. रमजानच्या आधी विजापूर वेशीत सामान भरताना तो सहसा केक जेलच्या, म्हणजे केक हलका व्हावा म्हणून पिठात घालायच्या लगद्याच्या, डब्यापाशी अडतो.

त्या डब्यावर ‘इमल्सिफायर (आयएनएस ४७१)’ असे छापलेले असते; इमल्सिफायर म्हणजे तेल व पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ. आयएनएस ही कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने १९८९ मध्ये स्वीकारलेली, खाद्य योजकांची क्रमांकपद्धती. युरोपातील ई-क्रमांक त्याहून जुने, रंगांपुरते १९६२ पासूनचे. क्रमांकावरून पदार्थ कळतो, उगम कळत नाही. ४७१ म्हणजे मोनो व डायग्लिसराइडे. तेल वा चरबी ग्लिसरॉलबरोबर अल्कली घालून २००–२५० अंश से. पर्यंत तापविली की ती तयार होतात. मूळ माल पामतेल असेल, गाईची चरबी असेल किंवा डुकराची. म्हणून ‘४७१ हराम’ असे सांगणाऱ्या मोबाइलवरच्या याद्या कामाच्या नाहीत. प्रयोगशाळेचाही येथे फारसा उपयोग नाही : एवढ्या उष्णतेत डीएनए टिकत नाही, आणि डुकराच्या चरबीची खूण असलेली, पामिटिक आम्ल रेणूच्या मधल्या जागी असण्याची ठेवणही विस्कटते. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनाचे तसे नाही; त्यातील पेप्टाइडांवरून (प्रथिनांच्या तुकड्यांवरून) जनावर ओळखता येते.

भारतात बरेचसे काम हिरव्या ठिपक्याने होते. प्राणी, पक्षी, कीटक, मासे वा अंडे यांचा अंश असलेल्या मालाला मांसाहारी चिन्ह सक्तीचे आहे (२०२० च्या लेबल नियमांनुसार तपकिरी त्रिकोण). दूध, मध, मेण आणि लाख यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे गोळ्यांवरची लाखेची चकाकी (९०४) हिरव्या ठिपक्याखाली येते. किड्याच्या शरीराचा भाग नसून स्राव असल्याने ती बहुतेक उलेमांना (इस्लामी धर्मपंडितांना) चालते. उलट त्रिकोण म्हणजे हराम असेही नाही, तो नुसत्या अंड्यानेही येतो.

हिरव्या ठिपक्याला अल्कोहोल दिसत नाही. ३५ टक्के अल्कोहोल असलेला व्हॅनिला अर्क किलोभर पिठात ५ मिली घातला, तर भाजण्यापूर्वी अल्कोहोलाचे प्रमाण वजनाने सुमारे ०.१४ टक्का पडते. द्राक्ष व खजुराखेरीज इतर उगमाच्या अल्कोहोलाबाबत सुन्नींच्या हनफी न्यायपरंपरेत सवलतीचे मत आहे, शाफई न्यायपरंपरा अधिक कडक. सोलापूरकडे हनफी अधिक, कोकणात शाफई. एकाच बाटलीवर दोन उत्तरे मिळतात ती यामुळे. प्रॉपिलीन ग्लायकॉल (१५२०) आणि सॉर्बिटॉल (४२०) यांच्या नावातल्या ‘ऑल’ने दचकू नये, ती दारू नव्हे.

खरा वाद इस्तिहालाचा, म्हणजे पदार्थ मुळातून पालटला की त्याचा हुकूमही पालटतो का, याचा. दारूचा आपोआप सिरका झाल्यास तो चालतो, याविषयी दुमत नाही. सुन्नींच्या चार न्यायपरंपरांपैकी हनफी व मालिकी हे तत्त्व पुढे नेतात, शाफई व हंबली सहसा नाही. डुकराच्या जिलेटिनाला १९९५ च्या कुवेत येथील वैद्यक-फिक्ह (इस्लामी न्यायशास्त्र) परिसंवादाने या आधारे मोकळीक दिली. तथापि जिलेटिनात मूळ कोलॅजेनची प्रथिनसाखळी केवळ तुटते, नाहीशी होत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो, आणि भारतातील बहुसंख्य मुफ्तीही परवानगी देत नाहीत. कोचिनील या किड्याच्या लाल रंगाला (१२०) इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०११ मध्ये मान्यता दिली. हनफी मत सामान्यतः विरोधी.

प्रत्यक्ष तपासताना आधी चिन्ह, मग क्रमांक, मग उत्पादकाचे उगमपत्र पाहावे. ‘वनस्पतिजन्य’ एवढा शब्द पुरेसा नाही. पत्रात तेलाचे नाव आणि बॅच क्रमांक हवा. घोटाळा होतो तो सुट्या मालात. दुकानदार ५ किलोच्या डब्यातले जेल पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरतो, लेबल डब्यावरच राहते, आणि अर्ध्या पिशव्या दुसऱ्याच कंपनीच्या डब्यातल्या निघतात. अशा पिशवीला ‘मशकूक’, म्हणजे संशयास्पद, म्हणतात. मूळ डबा दाखवायला सांगावे. तो रिकामा असला तरी चालतो, पण बॅच जुळली पाहिजे.