मोठी चाकं आणि क्राऊन-पिनियनचं गणित

अमेरिकेत पिकअप ट्रक घेतला की बरेच जण आधी कंपनीची चाकं उतरवून मोठी चढवतात. त्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही समज पसरलाय की चाक मोठं झालं की गाडीचा जोर वाढतो. प्रत्यक्षात तो घटतो.

टोयोटा टॅकोमा या पिकअपचंच बघा. तिच्या २०१६ ते २०२३ च्या ऑफ-रोड मॉडेलवर २६५/७० आर १६ टायर यायचा. म्हणजे रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ७० टक्के, रिम १६ इंची. व्यास भरतो ७७७ मिमी. हौशी मंडळी त्याजागी २८५/७५ आर १६ घालतात, व्यास ८३४ मिमी. सात टक्के वाढ. एक्सलचं बल-आघूर्ण (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) भागिले चाकाची त्रिज्या, हे झालं जमिनीवर मिळणारं बल. त्रिज्या वाढली की ते कमी होणारच. ब्रेकचंही तसंच. शिवाय काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ च्या आसपास असते. अंतरही कमी मोजलं जातं, त्यामुळे 'मायलेज पडलं' या तक्रारीतला काही भाग निव्वळ मोजणीचा असतो.

घटलेल्या जोरावर खरा इलाज डिफरन्शियलमध्ये, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्यात आहे, आणि माझ्या मते गाडीतली सगळ्यात देखणी यंत्रणा तीच. इंजिनाची ताकद एक्सलकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला छोटा गिअर, म्हणजे पिनियन; त्याला भिडलेला मोठा गिअर, म्हणजे क्राऊन. त्याच वर्षांच्या ऑटोमॅटिक व्ही-६ (सहा सिलिंडरच्या) टॅकोमात हे गुणोत्तर ३.९१ असायचं: पिनियनच्या ३.९१ फेऱ्या, तेव्हा क्राऊनची एक. वेग जितक्या पटीनं घटतो, तितक्या पटीनं बल-आघूर्ण वाढतं. सात टक्के भरून काढायला ४.१९ पुरेसं, तरी अनेक जण ४.८८ निवडतात. कारण नवा टायर जडही असतो आणि त्याचं बरंचसं वजन कडेला असतं. कडेवरच्या वस्तुमानाला पुढे न्यायला ½mv² ऊर्जा लागते (m वस्तुमान, v वेग); फिरवायला ½Iω², इथे जडत्व-आघूर्ण I = mr² आणि फिरण्याचा वेग ω = v/r (r त्रिज्या), म्हणजे पुन्हा ½mv². कडेवरचा एक किलो वेग घेताना दोन किलोंइतका भारी पडतो.

पिनियनचा अक्ष क्राऊनच्या केंद्राच्या रेषेत नसतो, वरखाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर घासत सरकतात आणि त्यांना खास गिअर ऑइल लागतं. दातांमधली फट साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी. जाणता मेकॅनिक क्राऊनच्या दातांना पिवळी पेस्ट फासतो, हातानं फिरवतो आणि उमटलेला ठसा बघतो. ठसा मुळाशी गेला तर पिनियन फार आत बसलाय, माथ्याकडे गेला तर बाहेर राहिलाय. मग शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदला, पुन्हा पेस्ट, पुन्हा ठसा. हे चुकलं तर आधी गाडी वेगात रडते, मग दात जातात.

फोर-बाय-फोर असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही सेट बदलावे लागतात. गुणोत्तरं वेगळी राहिली तर कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडतात आणि दोघांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो.

एवढ्या कामाऐवजी इंधनाच्या नळीला चुंबक लावून 'पिकअप वाढवणारे'ही भेटतात. पेट्रोल-डिझेलच्या रेणूंवर त्या चुंबकाचा काडीचा परिणाम होत नाही. ते पैसे ऑइल बदलायला ठेवा.

भारतात मात्र चाकं चढवण्याआधी आरटीओचे नियम बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.